हासनच्या वकीलबाई आणि तुमची नणंद

पत्र:

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ४३. पंधरा वर्षांत बावीस कथा लिहिल्या, त्यांतल्या अकरा दिवाळी अंकांत आल्या. संग्रह काढावा म्हणून एका प्रकाशकांकडे गेले. ते म्हणाले, "कथासंग्रह कोण विकत घेतं? कादंबरी असेल तर बोलू. नाहीतर साठ हजार भरा, काढून देतो." त्यातच गेल्या दिवाळीत माझी एक कथा छापून आली. सासरचा त्रास सहन न होऊन माहेरी आलेल्या बाईला तिचे भाऊ समजूत घालून परत पोचवतात, अशी. ती माझ्या नणंदेची हकीगत आहे. तिला एस.टी. स्टँडवर सोडायला माझाच नवरा गेला होता. तिच्या बॅगेची चेन तुटली होती म्हणून सासूबाईंनी जुन्या साडीच्या किनारीने ती बांधून दिली होती, तेही मी लिहिलं. घरात सगळ्यांनी ओळखलं. दीर म्हणाले, घरची लक्तरं वेशीवर टांगलीस. नवरा दोन महिने धड बोलत नव्हता. आता म्हणतो, लिहिणं बंद कर. नणंद काहीच बोललेली नाही. कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा शाळेच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्यांचा फोटो टाकून मला "तुम्हीही मिळवणार!" असं लिहिलं. पण त्या कुठे, मी कुठे. मी कथा सोडून कादंबरीकडे वळू का? की हे सगळंच बंद करू? कथेचं कात्रण सोबत जोडलं आहे.
एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर:

नमस्कार,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि कात्रण दोनदा. पहिल्या वाचनात उत्तर सोपं वाटलं होतं: लिहीत राहा. पण एवढंच लिहून मोकळं होणं म्हणजे तुमच्या घरात दोन महिने जे चाललं त्याकडे डोळेझाक करणं झालं असतं. दुसऱ्या वाचनात एका वाक्यापाशी अडले, "नणंद काहीच बोललेली नाही." त्या वाक्याकडे शेवटी येते. आधी बाकीचं.

"त्या कुठे, मी कुठे" हे तुम्हाला फोटो पाहून वाटलं. लंडनमधलं टेट मॉडर्न कलादालन, २० मे २०२५ची रात्र, हातात चषक, शेजारी अनुवादक दीपा भास्ती. तो फोटो सत्त्याहत्तराव्या वर्षाचा आहे. बानू मुश्ताक यांचा जन्म १९४८चा. तुलना करायचीच असेल तर तुमच्या वयाच्या बानूंशी करा. ज्या 'हार्ट लॅम्प' या पुस्तकाला ते पारितोषिक मिळालं, त्यात १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या बारा कथा आहेत. म्हणजे त्यांतल्या सर्वांत जुन्या कथा लिहिल्या तेव्हा त्या बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. तुमच्याच वयाच्या. कर्नाटकातल्या हासनसारख्या जिल्ह्याच्या गावी राहत होत्या, घर चालवायचं म्हणून पत्रकारिता सोडून वकिलीकडे वळल्या होत्या आणि हातातलं काम आटोपल्यावर कथा लिहीत होत्या. त्या वयातला त्यांचा फोटो तुमच्या शाळेच्या ग्रुपवर कोणी टाकला नसता.

त्यांचं आयुष्य जरा सविस्तर सांगते, कारण त्यात तुमच्या तिन्ही प्रश्नांबद्दल काही ना काही आहे.

घरची भाषा दखनी उर्दू. आठव्या वर्षी वडिलांनी शिवमोग्ग्याच्या मिशनरी शाळेत कन्नड माध्यमात घातलं. शाळेची अट अशी होती की सहा महिन्यांत कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे, नाहीतर शाळा सोडावी लागेल. पोरगी काही दिवसांतच लिहायला लागली. मुलींची लग्नं लवकर उरकायच्या वातावरणात ती कॉलेजात गेली आणि सव्विसाव्या वर्षी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. त्यानंतर मात्र एकदम बुरखा आणि चूल. लिहावंसं वाटायचं, पण सगळा दिवस घरात कोंडलेला. बाळंतपणानंतर, एकोणतिसाव्या वर्षी, मनाची अवस्था इतकी वाईट झाली की एकदा त्यांनी स्वतःच्या अंगावर पेट्रोल ओतून घेतलं. नवऱ्याच्या वेळीच लक्षात आलं. त्याने काड्यापेटी हिसकावली, तान्हं बाळ त्यांच्या पायाशी ठेवलं आणि आम्हाला सोडून जाऊ नकोस म्हणून विनवलं. हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलेलं आहे, म्हणून इथे लिहिते आहे.

पुढे 'लंकेश पत्रिके' या कन्नड साप्ताहिकात दहाएक वर्षं बातमीदारी. हासनच्या नगरपरिषदेवर दोनदा निवडून गेल्या. मग वकिली. कर्नाटकातल्या बंडाय साहित्य चळवळीत त्या होत्या. आपल्याकडे दलित साहित्याने जे दार उघडलं, तशाच जातीची ती चळवळ: ज्यांच्याबद्दल इतरांनी लिहिलं त्यांनी आता स्वतः लिहायचं, असं म्हणणारी. सहा कथासंग्रह झाले, एक कादंबरी, निबंध, कविता. १९९९मध्ये कर्नाटक साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गिरीश कासारवल्लींनी त्यांच्या 'करी नागरगळु', म्हणजे 'काळे नाग', या कथेवरून २००४मध्ये 'हसीना' हा चित्रपट केला आणि त्यातल्या भूमिकेसाठी तारा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरी कन्नडबाहेर त्यांचं नाव फारसं पोचलं नव्हतं. आपण सीमेच्या अलीकडे, बेळगाव-निपाणीपासून तासा-दोन तासांवर राहणारे. आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं?

यात लेखनाचं करिअर म्हणावं असं काही वेगळं काढून दाखवता येत नाही. नोकरी-व्यवसाय आहे, संसार आहे, सार्वजनिक काम आहे आणि त्यांच्या कडेकडेने कथा आहेत. मी सत्तावीस वर्षं दिवाळी अंकाचं संपादन केलं. हजारो कथा हातांखालून गेल्या, कित्येक "साभार परत" केल्या. ज्या लक्षात राहिल्या त्यांतल्या बहुतेक अशाच कडेकडेने लिहिलेल्या होत्या. एक नर्स होती, एक वीज मंडळातले वायरमन होते, एक गृहस्थ बाजार समितीत हिशेब लिहायचे. कथेला लागणारा ऐवज त्यांना रोज कामावर मिळत होता. तुम्हालाही मिळतो. तुमच्या कात्रणातली एसटी स्टँडवरची गर्दी वाचली तेव्हा कळलं की ही बाई रोज एसटीने शाळेला जाते. स्टँडवर उभं राहिल्याशिवाय कंट्रोलरच्या भोंग्यातली ती खरखर कानात बसत नाही.

बानू मुश्ताक म्हणतात की त्या मोठं संशोधन वगैरे करत नाहीत; त्यांचं मन हेच त्यांचं अभ्यासाचं क्षेत्र. हे वाचून नवोदितांना वाटतं, चला, मनात येईल ते लिहावं. पण त्या मनावर वर्षानुवर्षं वकिलाच्या टेबलापलीकडे बसलेल्या बायकांचे आवाज पडलेले आहेत. तीन मुलीच झाल्या म्हणून नवऱ्याने टाकलेली, आजारी पोर घेऊन मशिदीच्या दारी न्याय मागत बसलेली बाई 'काळे नाग'मध्ये येते, ती हवेतून आलेली नाही. दुसऱ्या एका कथेत बायकोवरच्या प्रेमाच्या बाता मारणारा, तिच्या नावाने महाल बांधीन म्हणणारा नवरा आहे. सगळ्यांसमोर तो इतका गोड बोलतो की वाचणाऱ्यालाही भुरळ पडावी. घरात मात्र मोठ्या मुलीची शाळा सुटलेली, धाकटी भावंडं तिच्या अंगावर. बायको बाळंतपणानंतर वारते आणि थोड्याच दिवसांत या महालवाल्याच्या घरात नवी, कोवळी बायको आलेली असते. लेखिका त्याला एकदाही खलनायक म्हणत नाही. त्याची बडबड ऐकवते आणि त्या मुलीचे हात दाखवते. बस.

तुमच्या कथेत मला नेमकं हे कमी पडलं. रागावू नका. नणंद जिवंत उतरली आहे. दारातून आत येताना ती चप्पल कोपऱ्यात न ठेवता उंबऱ्यापाशीच ठेवते, जणू लगेच जायचंच आहे, हे वाचून मी थांबले. पण भाऊ? तिघेही एकाच सुरात बोलतात, तिघेही निष्ठुर. स्टँडवर सोडायला गेलेला भाऊ कथेत फक्त घड्याळ बघतो. बस यायला अर्धा तास होता असं तुम्हीच लिहिलं आहे. अर्धा तास तो फक्त घड्याळ बघत होता? तिला चहा पाजला का? खिडकीजवळची जागा धरायला तिचा रुमाल घेऊन बसमध्ये चढला का? बस सुटल्यावर लगेच निघाला की उभा राहिला? हे तुम्ही तुमच्या नवऱ्याला कधी विचारलं का? मला वाटतं नाही विचारलं. विचारलं असतं तर तो कथेत वेगळा दिसला असता आणि कथा आणखी जड झाली असती, कारण ज्याला कळवळा आहे तोसुद्धा परत पोचवतो, हे जास्त भयंकर आहे. त्याच्या रागातला काही भाग बदनामीचा असेल. काही भाग कदाचित हाही असेल की तो जेवढा होता तेवढा तुम्ही त्याला दाखवला नाही.

आता 'ओळखलं' या गोष्टीबद्दल. पुस्तकाच्या इंग्रजी नावाचा उगम ज्या कथेत आहे तिचं कन्नड नाव 'एदेय हणते'. एदे म्हणजे छाती, काळीज. हणते म्हणजे आपली पणतीच. काळजातली पणती. त्या कथेत मेहरून नावाची बाई तान्हं बाळ घेऊन माहेरी येते. नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागलेला. भाऊ तिला घराण्याच्या अब्रूचं सांगतात आणि परत नेऊन पोचवतात. तुमचीच कथा, नाही का? त्या रात्री मेहरून अंगावर रॉकेल ओतून घेते आणि तिची मोठी मुलगी सलमा धाकट्या बाळाला घेऊन तिला अडवते.

आता लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्यातला तो प्रसंग आठवा. तिथे विनवणारा नवरा होता. कथेत नवरा आहे, पण तो दुःखाचं कारण आहे. विनवते ती मुलगी. पेट्रोलचं रॉकेल झालं. लेखिकेचं लग्न प्रेमाचं होतं, मेहरूनचं जग निराळं. बदलला नाही तो फक्त एक क्षण: आई मरायला निघाली आहे आणि समोर बाळ आहे. अनुभवातून कथेत काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं हे शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. प्रसंगाचा गाभा न्यायचा. माणसांचे पत्ते मागे ठेवायचे.

मी हे उशिरा शिकले. तिशीत असताना माझ्या मामावर एक कथा लिहिली होती, त्याच्या दारूबद्दल. नाव बदललं, गाव बदललं, शिक्षक मामाचा तलाठी केला. पण त्याचा पितळी अडकित्ता मला मोह पडून तसाच ठेवला, मोराच्या आकाराचा, एका बाजूचा तुरा तुटलेला. आमच्या सगळ्या नातेवाइकांनी तो अडकित्ता पाहिलेला. अंक आला त्या वर्षी भाऊबीजेला मामा आला नाही. मामी पुढे कधीतरी भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "अगं, अडकित्ता तरी बदलायचास." तिला दारूबद्दल लिहिल्याचं वाईट वाटलं नव्हतं. ती ते रोज जगतच होती. तिला वाईट वाटलं ते त्यांच्याकडे बोट दाखवता येईल असं काहीतरी मी छापून ठेवलं याचं. मामा पुढच्या वर्षी आला. पण पानसुपारीच्या वेळी त्याने अडकित्ता काही बाहेर काढला नाही, आणि ते मला अजून सलतं.

साडीच्या किनारीने बांधलेली बॅग हा तुमचा अडकित्ता आहे. उत्तम तपशील आहे, आणि तो उत्तम आहे म्हणूनच तुम्हाला सोडवला नाही. पुढच्या वेळी असा तपशील हातात आला की स्वतःला विचारा, हा मी शोधला की उचलला? उचललेला असेल तर त्याच वजनाचा दुसरा शोधा. सापडतो. संग्रहात ही कथा घ्याल तेव्हा बॅग बदला, वाटल्यास बॅगच नसू दे. भाऊ तिघांचे दोन करा. कथा बिघडणार नाही, मी खात्रीने सांगते.

तरीही कोणीतरी ओळखेलच आणि कोणीतरी रागावेलच. लिहिणाऱ्या बाईला ही किंमत ठाऊक असलेली बरी. बायकांना मशिदीत जाण्याचा हक्क आहे असं बोलल्याबद्दल २०००मध्ये बानू मुश्ताक यांच्यावर आणि त्यांच्या कुटुंबावर समाजाने बहिष्कार टाकला होता. धमकीचे फोन आले. एक माणूस चाकू घेऊन अंगावर आला, नवऱ्याने झटापट करून वाचवलं. त्यांनी बोलणंही सोडलं नाही आणि लिहिणंही. हे मी तुम्हाला "बघा, तुमचं दुःख किती लहान" असं दाखवायला सांगत नाही. घरातल्या माणसाने दोन महिने न बोलणं लहान नसतं. चाकूवाला तरी निघून जातो, अबोला जेवणाच्या ताटाशी रोज येऊन बसतो. सांगायचं एवढंच, की 'लिहिणं बंद कर' या वाक्याला 'बरं' किंवा 'नाही' एवढी दोनच उत्तरं नाहीत. "त्या दिवशी स्टँडवर काय झालं ते मला सांग" हेही एक उत्तर आहे. नवऱ्याशी तिथून सुरुवात करा.

आता प्रकाशकांचं. कथासंग्रह कोणी घेत नाही हे वाक्य मी सत्तावीस वर्षं ऐकते आहे. ते अगदी खोटं आहे असं नाही. कादंबरीची प्रत जास्त सुटते. पण त्यासाठी कादंबरीकडे वळू नका. कादंबरी लिहावीशी वाटली, एखादी गोष्ट बारा पानांत मावेनाशी झाली, तर जरूर लिहा. प्रकाशकांच्या सोयीसाठी कथेत पाणी घालून तिची कादंबरी करू नका. अशा पाणी घातलेल्या कादंबऱ्या मी वाचल्या आहेत, त्यांत दर तिसऱ्या पानावर कोणीतरी खिडकीबाहेर बघत असतं. सीमेपलीकडे धारवाडला जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले आणि मराठीत कथा लिहीत राहिले. त्यांचं सगळं मोठेपण कथेवर उभं आहे. जयंत पवार वर्तमानपत्रात नोकरी करत होते, गिरणगावात वाढलेले, आणि त्यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि बानूंचं पुस्तक तर आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेला पहिलाच कथासंग्रह. पुरस्कारांसाठी लिहा असं मी कधीच म्हणणार नाही. पण कथा म्हणजे कादंबरीची धाकटी बहीण, थोरलीचे उतरलेले कपडे घालणारी, हे जे प्रकाशक तुम्हाला सुचवत आहेत ते मान्य करू नका.

साठ हजार भरू नका. तुमच्या पगारातून ते गेले तर घरात आणखी एक भांडण, आणि पुस्तकांचे गठ्ठे पलंगाखाली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी, कथासंग्रहही चालतो. मंडळाचं आवाहन येतं तेव्हा हस्तलिखित पाठवा. दुसऱ्या चार प्रकाशकांनाही पाठवा. आणि पाठवताना बावीसच्या बावीस कथा पाठवू नका. बानूंच्या त्या पुस्तकातही सहा संग्रहांतून आणि तेहतीस वर्षांतून बाराच कथा आल्या आहेत, आणि त्या निवडल्या अनुवादक दीपा भास्ती यांनी. दुसऱ्या डोळ्यांनी केलेली निवड होती ती. तुमच्याही कथा एखाद्या कडक वाचणाऱ्याला द्या आणि म्हणा, यातल्या दहा ठेव.

भास्तींबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या कोडगूतल्या मडिकेरीच्या. त्यांनी इंग्रजी अनुवादात कन्नड, उर्दू, अरबी शब्द तसेच ठेवले. तिरप्या टाइपात नाहीत, खाली टीपा नाहीत. वाचणाऱ्याने चार पावलं पुढे यावं, असा त्यांचा आग्रह. पन्नास हजार पौंडांचं पारितोषिक लेखिकेत आणि अनुवादकात निम्मं निम्मं वाटलं जातं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अनुवादक. हे तुम्हाला का सांगते? तुमच्या कात्रणात सासूबाई "का गं बाय, अशी अवचित?" म्हणतात आणि दोनच ओळींनी नणंद एकदम पुस्तकी बोलू लागते: "मला तेथे राहणे अशक्य झाले आहे." सांगलीकडची बाई उंबऱ्यात उभी राहून असं बोलत नाही. तुम्हाला भीती वाटली असेल की पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही. त्याला येऊ द्या चार पावलं पुढे.

आता ते वाक्य. नणंद काहीच बोललेली नाही.

तुमच्या पत्रात कोण कोण दुखावलं गेलं त्याची यादी आहे: दीर, नवरा. म्हणजे ज्यांनी तिला परत पोचवलं ते. जिची हकीगत आहे तिचं मत पत्रात कुठेच नाही. तिने कथा वाचली की नाही हेही नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ती आत्ता कशी आहे हे नाही. कथेत ती बसच्या खिडकीत बसते आणि कथा संपते. प्रत्यक्षात ती बस कुठेतरी पोचली असेल ना?

बानू मुश्ताक लेखिका आहेत तशा वकील आहेत, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या बाईचं आधी काम होत असणार, कथा नंतर. तुम्हीही क्रम तोच ठेवा. तिला भेटा. नवऱ्याला सोबत न घेता, एकट्या जा. अजून मारहाण होत असेल तर तिला सांगा की १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्या घरात राहण्याचाही हक्क आहे, संरक्षणाचाही. आणि तुमच्या घराचं दार तिला दुसऱ्यांदा उघडं असेल की नाही, हे जाण्याआधी स्वतःच्या मनाशी आणि शक्य झालं तर नवऱ्याशी ठरवून ठेवा. तिथे जाऊन गप्प बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

मग, ती म्हणाली तर, कथा वाचून दाखवा. अंक तिच्या हातात देऊन येऊ नका. त्या घरात अंक सापडला तर तिलाच जड जाईल. तुमच्या तोंडून वाचा. कदाचित ती रडेल, कदाचित म्हणेल हे छापायला नको होतंस. तसं म्हणाली तर संग्रहातून ही कथा काढा, वाद न घालता. बाकी एकवीस आहेत. कदाचित ती तुमची चूक दाखवेल, म्हणेल चप्पल मी उंबऱ्यापाशी नव्हती ठेवली वहिनी, घालूनच आले होते आत. ते लिहून घ्या.

दिवाळी अंकांचं साहित्य जून-जुलैपर्यंत मागवतात. यंदा पाठवलं नाही तरी काही बिघडत नाही. तिच्याकडे जाऊन आलात की मला पत्र लिहा, कथेबद्दल नसलं तरी चालेल.

तुमची,
ताई